कासिम सलामतच्या सासूबाई

सिंगापूर म्हटले की आपल्याकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे चिनी चेहरे, चकचकीत मॉल आणि उंच इमारती येतात. या देशाची राष्ट्रभाषा मलय आहे आणि राष्ट्रगीतही मलय भाषेतच आहे हे सांगितले तर बऱ्याच जणांना खरे वाटत नाही. मलय लोक इथे जेमतेम १३-१४ टक्के, पण एके काळी सगळ्या मलय चित्रपटसृष्टीचे माहेरघर हेच गाव होते. बालेस्टिअर भागात जालान आम्पास नावाची एक गल्ली आहे (जालान म्हणजे रस्ता). तिथे ८ नंबरला शॉ बंधूंचा स्टुडिओ होता. १९४७ ते १९६७ या वीस वर्षांत त्या लहानशा आवारात दीडशेहून अधिक चित्रपट तयार झाले. आपल्या प्रभातची आठवण यावी असाच तो कारभार. पगारी नट, पगारी दिग्दर्शक, पगारी वादक आणि सगळे एकाच कंपनीचे नोकर!

इथल्या मलय सहकाऱ्यांशी गप्पा मारताना जुन्या सिनेमाचा विषय निघाला, की एक नाव हटकून येते, पी. रामली. नट, गायक, संगीतकार, लेखक, दिग्दर्शक सगळे एकच. आणि त्यांचा कोणता चित्रपट पाहू असे विचारले की उत्तर बहुधा 'इबू मर्तुआकू' असे मिळते. अर्थ 'माझी सासू'. नाव ऐकून मला वाटले होते की मकरंद अनासपुरे छापाचा काही तरी विनोदी प्रकार असेल. प्रत्यक्षात १९६२ सालचा हा चित्रपट म्हणजे रडून रडून रुमाल भिजवणारी प्रेमकथा आहे. इंग्रजी उपशीर्षकांसह पाहायला मिळतो, जरूर पाहा. शेवट मात्र काळीज घट्ट करून पाहा.

गोष्ट थोडक्यात अशी. कासिम सलामत हा सिंगापूरमधला सॅक्सोफोन वाजवणारा आणि गाणारा कलावंत. (सलामत म्हणजे आपल्या 'सहीसलामत'मधलेच सलामत. बिचाऱ्याचे पुढे जे होते ते पाहता नाव ठेवणाऱ्याने थट्टाच केली म्हणायची.) रेडिओवर त्याचा आवाज ऐकून साबारिया नावाची श्रीमंत घरची मुलगी त्याच्या प्रेमात पडते. तिची आई न्योन्या मन्सूर ही शहरातल्या बड्या धनवंतांपैकी एक, आणि तिने मुलीसाठी डोळ्यांचा डॉक्टर इस्मादी मनात धरलेला. मुलगी गाणाऱ्या-वाजवणाऱ्याच्या प्रेमात पडली आहे हे कळल्यावर बाईंचा जो संताप होतो, तो मलय भाषेत आता म्हणीसारखा झाला आहे. आमच्या वाडवडिलांच्या कुळात असले चालत नाही, असा त्याचा एकंदर सूर. तरी ती लग्न लावून देते आणि दोघांना घराबाहेर काढते. जोडपे पेनांगला जाते. सासूला वाजवणे आवडत नाही म्हणून कासिम वाद्यच सोडून देतो, पैसे संपतात, अंगमेहनतीची कामे करावी लागतात. साबारियाला दिवस जातात आणि ती बाळंतपणाला आईकडे सिंगापूरला परतते. इकडे आई कासिमला निरोप धाडते, बाळंतपणात तुझी बायको गेली. आणि तिकडे मुलीचे लग्न डॉक्टरशी लावून देते. कासिम इतका रडतो, इतका रडतो, की त्याची दृष्टी जाते.

(हे वैद्यकशास्त्रात बसते का, असे कृपया विचारू नका. आपल्या सिनेमात वीज चमकली की गेलेली स्मृती परत येते, ते आपण मुकाट्याने पाहतोच की.)

पुढे आंधळा कासिम नाव बदलून मोठा वादक होतो. साबारिया त्याला ओळखते, आपल्या नवऱ्याला गळ घालते, आणि डॉ. इस्मादी शस्त्रक्रिया करून त्याची दृष्टी परत आणतो. दिसायला लागल्यावर कासिमला जे पहिले सत्य दिसते ते हे, की आपली बायको जिवंत आहे आणि ज्याने आपल्याला डोळे दिले त्याच्याच घरात ती नांदते आहे. तो दोन काटे उचलतो, जेवणाच्या टेबलावरचे, आणि स्वतःच्या हाताने ते डोळे पुन्हा फोडून घेतो.

तर प्रश्न असा. या गोष्टीतली न्योन्या मन्सूर खरोखर दुष्ट आहे, की नुसतीच हेकट, गर्विष्ठ, मुलीच्या भल्याची चुकीची कल्पना धरून बसलेली एक आई आहे? मलय घरांतून तिचे नाव कजाग सासूसाठी सर्रास वापरतात, म्हणजे लोकांनी निकाल केव्हाच दिला आहे. मला तो निकाल इतका सरळ वाटत नाही. कारखान्यात एखादा भाग मोडला की आम्ही लोक आधी विचारतो, धातूच मुळात सदोष होता, की चांगल्या धातूवर भलता भार पडला? दोन्ही वेळा तुकडा मोडलेलाच असतो, पण दुरुस्ती मात्र वेगवेगळी करावी लागते.

त्यासाठी हा खलनायक नावाचा प्राणी इथे आला कुठून ते पाहू. सिंगापूरच्या मलय सिनेमाची पाळेमुळे 'बांग्सावान' नावाच्या नाटकमंडळ्यांत आहेत आणि बांग्सावानची पाळेमुळे चक्क मुंबईत! एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या पारशी नाटक कंपन्या जहाजाने पेनांगपर्यंत येत. त्यांचे पाहून मलय मंडळ्या उभ्या राहिल्या. म्हणजे आपले संगीत नाटक ज्या पारशी रंगभूमीच्या शेजारी वाढले तिचीच ही दूरची भाचरे. त्या नाटकांत ठरलेले साचे असत. नायक, नायिका, विदूषक आणि दुष्ट. दुष्ट पडद्यामागून आला की प्रेक्षकांनी हुर्यो करायची, तो असा का वागतो हा प्रश्नच नसे.

पुढे सिनेमा आला तोही भारतीय हातांनी. सिंगापूरमध्ये तयार झालेला पहिला मलय बोलपट 'लैला मजनून' बी. एस. राजहंस यांनी १९३०च्या दशकात दिग्दर्शित केला. युद्धानंतर शॉ बंधूंनी भारतातून दिग्दर्शकांची रीघच लावली. बी. एन. राव, एल. कृष्णन, फणी मजुमदार अशी नावे श्रेयनामावलीत वाचताना आपण दादरच्या एखाद्या थिएटरात बसलो आहोत असे वाटते. हिंदी-तमिळ कथानके मलय भाषेत उतरत, आणि त्यांच्याबरोबर आपले ठरावीक खलपुरुषही उतरत. याच राजहंसांनी पेनांगकडच्या एका गाणाऱ्या पोराला हेरले आणि १९४८ साली 'चिंता' नावाच्या चित्रपटात घेतले. तो पोरगा म्हणजे रामली. त्याने त्यात पार्श्वगायन केले आणि छोटीशी भूमिकाही केली. कसली? खलनायकाची! (जाता जाता, मलय भाषेत 'चिंता' म्हणजे प्रेम. संस्कृतातूनच गेलेला शब्द. आपल्याकडे जी काळजी, ती यांच्याकडे प्रीती. दोन्ही अर्थ फारसे लांब नाहीत, हे लग्न झालेल्यांना सांगायला नको.)

म्हणजे रामलींनी खलनायकाचा अंगरखा आतून घालून पाहिलेला होता. शिवाय १९५०च्या दशकाच्या शेवटी सिंगापूरमध्ये एक जुनाच खलनायक नव्याने तपासला जात होता. तो म्हणजे हांग जेबात. मलाक्काच्या सुलतानाचा सेनानी हांग तुआह याच्यावर खोटा आळ येतो, सुलतान त्याला ठार मारण्याचा हुकूम देतो. प्रधान त्याला गुपचूप लपवून ठेवतो. मित्र मेला असे समजून जेबात सुलतानाविरुद्ध बंड करतो, राजवाडा बळकावतो. मग सुलतान जिवंत तुआहला बोलावतो आणि तुआह आपल्याचसाठी बंड करणाऱ्या मित्राला राजाज्ञेने मारतो. परंपरेने तुआह आदर्श आणि जेबात राजद्रोही. राजद्रोहाला मलय शब्द 'दरहाका', तोही आपल्या 'द्रोह'मधूनच आलेला.

१९५६ साली फणी मजुमदारांनी शॉ बंधूंसाठी 'हांग तुआह' रंगीत काढला. तुआह झाले रामली. त्यातही शेवटी तुआहच्या मनात शंका सोडलीच आहे, बरोबर कोण, जेबात की मी? पुढच्याच वर्षी, १९५७त, मलाया स्वतंत्र झाला. १९५९ साली सिंगापूरला अंतर्गत स्वराज्य मिळाले. त्याच वर्षी इथल्या विद्यापीठात कासिम अहमद नावाच्या विद्यार्थ्याने प्रबंध लिहून सरळ मांडले की खरा वीर जेबातच, कारण तो अन्यायाविरुद्ध उठला. आणि १९६१ साली ईस्ट कोस्ट रोडवरच्या प्रतिस्पर्धी कॅथे-केरिस स्टुडिओने हुसेन हनीफ यांच्या दिग्दर्शनाखाली 'हांग जेबात' काढून शेकडो वर्षांच्या द्रोह्याला नायक करून टाकले. राजाची सत्ता जाऊन लोकांची सत्ता आली की गोष्टीतले पाप-पुण्यही जागा बदलते. मूळ पोथीतला जेबात मरता मरता शहरात माणसे कापत सुटतो, ते मात्र नवे चाहते जरा हळूच सांगतात.

'इबू मर्तुआकू' आला तो याच्या दुसऱ्या वर्षी. गंमत पाहा, १९५६च्या चित्रपटात जेबात झालेला अहमद महमूद इथे सज्जन डॉ. इस्मादी झाला आहे. द्रोह्याला न्याय देण्याचा असा मोसम चालू असताना रामलींनी सासूबाईला मात्र तो दिला नाही, असे वरवर पाहता वाटते. पण चित्रपट नीट पाहिला तर पूर्वार्धात त्यांनी तिच्या तोंडी घातलेला युक्तिवाद मुळीच राक्षसी नाही. गाण्या-वाजवण्यावर संसार चालत नाही, एवढेच ती म्हणते आहे. आणि पेनांगमध्ये तो चालत नाहीच! तिने वर्तवलेले भविष्य पटकथेनेच खरे करून दाखवले आहे. कासिमने तिच्या धाकाने वाद्य सोडले नसते तर कदाचित चालला असता, हा उलट मुद्दाही आहे, आणि उत्तरार्धात तो वाजवून मोठा झाला तेव्हा तो सिद्धही होतो. पण तोवर तिच्या बाजूचे सगळे पुरावे जमा झालेले असतात.

आपल्याला हा युक्तिवाद अनोळखी आहे का? 'नाटकवाल्याला मुलगी देणार नाही' हे वाक्य महाराष्ट्रात किती घरांत बोलले गेले असेल! ज्या बालगंधर्वांची पदे घरोघरी गुणगुणली जात, त्यांच्याच कंपनीतल्या नटाला स्थळ म्हणून दारात उभे केले नसते. आज 'मुलगा काय करतो' या प्रश्नाच्या जागी पॅकेज किती आणि ग्रीन कार्ड आहे का असे प्रश्न आले, एवढाच काय तो फरक. खरे सांगायचे तर आम्ही परदेशातले इंजिनियर म्हणजे लग्नाच्या बाजारातले डॉ. इस्मादीच. आम्हाला पसंत करताना शेजारच्या कोणत्या कासिमला नकार गेला होता, याची चौकशी आम्ही कधी केली नाही.

आणि सिंगापूरपुरते बोलायचे तर इथे एकदा सरकारच न्योन्या मन्सूर झाले होते. १४ ऑगस्ट १९८३ रोजी राष्ट्रीय दिनाच्या भाषणात ली क्वान यू यांनी जाहीर चिंता व्यक्त केली (आपल्या अर्थाची चिंता, मलय अर्थाची नव्हे) की शिकलेले पुरुष कमी शिकलेल्या मुलींशी लग्ने करताहेत आणि पदवीधर मुली बिनलग्नाच्या राहताहेत. १९८४त पदवीधरांच्या गाठी जुळवायला सोशल डेव्हलपमेंट युनिट नावाचे सरकारी खाते निघाले. पदवीधर मातांच्या मुलांना शाळाप्रवेशात झुकते माप देणारी योजनाही आली. लोक इतके चिडले की त्या वर्षअखेरच्या निवडणुकीत सत्ताधारी पक्षाची मते सुमारे १३ टक्क्यांनी घसरली. पदवीधर मातांची योजना १९८५त गुंडाळली, जुळवाजुळवीचे खाते मात्र पुढे बरीच वर्षे चालले. त्या भाषणामागे कुणाचे वाईट व्हावे असा हेतू होता असे कुणीच म्हणणार नाही. हिशेब होता, आणि हिशेब करणाऱ्याला आपला हिशेब म्हणजेच सगळ्यांचे हित वाटत होते. न्योन्या मन्सूरलाही तेच वाटते.

आता तिच्या बाजूने सर्वांत मोठी साक्ष कोणाची म्हणाल, तर खुद्द रामलींची. मोठ्या पडद्यावर राज्य करणारा हा माणूस कंपनीचा पगारदार होता. १९५७ साली स्टुडिओतल्या काही कलावंतांना काढून टाकल्यावर जो संप झाला, त्या कलाकार संघटनेचे रामलीच अध्यक्ष होते. १९६३त सिंगापूरमध्ये टीव्ही आला, त्याच सुमाराला इंडोनेशियाशी बेबनाव होऊन तिथली मोठी बाजारपेठ बंद झाली. १९६४त रामली क्वालालंपूरला गेले. १९६५त सिंगापूर वेगळा देश झाला, १९६७त जालान आम्पासला कुलूप लागले. क्वालालंपूरमधले त्यांचे चित्रपट चालले नाहीत, लोक म्हणू लागले यांचा काळ गेला. २९ मे १९७३ रोजी हृदयविकाराने ते गेले तेव्हा वय अवघे ४४ आणि हाती पैसा जवळपास नाही. 'तान स्री' ही मानाची पदवी त्यांना मिळाली १९९० साली, मरणानंतर सतरा वर्षांनी. क्वालालंपूरच्या भर वस्तीतल्या रस्त्याला आज त्यांचे नाव आहे. न्योन्या मन्सूरने वहीत मांडलेला ताळा बरोबर निघाला, असेच कुणी कोरडा हिशेबनीस म्हणेल.

मग ती निर्दोष? मुळीच नाही. माझ्या मते तिच्या बाबतीत एक रेघ स्पष्ट आखता येते. जावई नापसंत असणे, त्याला टाकून बोलणे, लेकीला घराबाहेर काढणे, या सगळ्याला स्वभावदोष म्हणता येईल. त्रासदायक, पण माणसाळलेला दोष. पोटुशी लेक परत आली तेव्हा तिला जवळ घेणे हे तर आईपणच झाले. पण जिवंत बायको मेली असा निरोप धाडणे हे दोषात बसत नाही. त्या एका निरोपाशी ती दुसऱ्या बाजूला जाते. कारण तोवर ती आपले मत दुसऱ्यावर लादत होती, इथून पुढे तिने दुसऱ्या माणसाचे खरे जगच काढून घेतले. कासिमला दुःख करण्याचासुद्धा खरा विषय तिने ठेवला नाही. त्याचे डोळे पटकथेत रडून गेले असतील, माझ्या हिशेबी ते त्या निरोपानेच गेले.

आपल्या प्रभातच्या 'कुंकू'ची इथे तुलना करावीशी वाटते. १९३७ साली शांतारामबापूंनी काढलेल्या त्या चित्रपटातले काकासाहेब (केशवराव दाते) म्हातारपणी कोवळ्या नीरेशी, म्हणजे शांता आपट्यांशी, फसवणुकीने लग्न करतात. अन्याय न्योन्या मन्सूरपेक्षा तसूभर कमी नाही. पण त्या माणसाला हळूहळू आपण काय केले ते दिसू लागते, आणि शेवटी तो स्वतःलाच शिक्षा करून घेतो. न्योन्या मन्सूरला तसे दिसायला लागल्याचा एकही प्रसंग रामलींनी दिलेला नाही. काकासाहेबांना आपण थोडे तरी माफ करतो आणि बाईंना करत नाही, याचे कारण मला हेच वाटते. त्यात बाई असण्याचा वाटाही थोडा असेल. सिनेमात वाट चुकलेल्या पुरुषाला पश्चात्तापाचा प्रसंग सढळ हाताने मिळतो. आमच्या येवल्याच्या ललिताबाई पवारांना विचारा, म्हणजे आता विचारता येत नाही, पण किती चित्रपटांत त्यांना कारण न देता नुसतेच छळायला लावले!

आणखी एक गोष्ट मला खटकते. सगळा राग सासूवर ओतून आपण साबारियाला फार स्वस्तात सोडतो. गरिबीला कंटाळून आईला पत्र तिनेच लिहिले. परत आल्यावर पेनांगला पुन्हा न जाणारी आणि डॉक्टरशी लग्नाला उभी राहणारी तीच. आईचा दाब होता, मान्य. पण आपण मेलेलो नाही एवढे तरी तिला नक्कीच ठाऊक होते! दुष्टपणा एकट्याने तडीस जात नाही, कोणीतरी गप्प बसावे लागते. गीतरामायणात माडगूळकरांचा राम भरताला समजावताना कैकेयीलाही दोष देत नाही, वडिलांनाही नाही, सगळे दैवावर सोपवतो. राम म्हणून त्याला ते शोभले. कासिम राम नाही. तो दोष कुणाला देतो? स्वतःच्या डोळ्यांना. आणि गांधारीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. तिने नवरा आंधळा म्हणून डोळे बांधून घेतले. याने बायको दिसली म्हणून फोडून घेतले.

डोळे फोडल्यावर कासिम जातो कुठे, हेही सांगायला हवे. तो पेनांगला परततो, चोम्बीकडे. पहिल्यांदा दृष्टी गेली तेव्हा ज्या घराने त्याला आसरा दिला ते या चोम्बीचे आणि तिच्या आईचे घर. दारात आलेला आंधळा, खिशात दमडी नाही, पुढे मोठा वादक होईल याची कुणालाच कल्पना नाही. त्या घरात त्याला तू काय करतोस, किती मिळवतोस असे कुणी विचारलेले मला आठवत नाही. चित्रपट संपल्यावर 'माझी सासू' या नावातली सासू नक्की कोणती, हे मी माझ्या एका मलय सहकाऱ्याला विचारले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, इतक्या वेळा पाहिला, पण चोम्बीच्या आईचा विचार कधी केलाच नाही.